पिवळे पाणी

मृगाचा पाऊस नुकताच सुरू झाला होता. २०२४ सालच्या जूनमधील ती एक ओलसर सकाळ. मिस्सा आटोपून मी चहाचा पेला हाती घेतो न घेतो तोच पेठ वडगावहून फोन आला. ‘फादर, जमलं तर येऊन जावा. पोराला कावीळ झालीया.’ एवढेच बोलून त्या माउलीने फोन ठेवला. तिच्या आवाजात भीती होती; पण भीतीहून अधिक जाणवला तो संकोच. तो कशाचा, हे मला तिच्या घरी गेल्यावरच उमगले.

वडगाव ही पेठ जुनी. वारणा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या, कसदार मुलखात ती वसलेली आहे. सेनापती धनाजी जाधव १७०८ साली याच परिसरात निवर्तले. त्यांची समाधी येथे आहे. आठवड्याच्या बाजाराला पंचक्रोशी लोटते आणि गावाबाहेर पडताच नजर जाईल तिथवर ऊस उभा दिसतो. माझ्या सेवाक्षेत्रात हे गाव येते. आपली कुटुंबे येथे मोजकीच आहेत. त्यामुळे एका घरी आजारपण आले की ते माझ्याही घरचे होऊन बसते.

उंबऱ्याशी छत्री टेकवून मी आत गेलो. बाहेरच्या खोलीत कॉटवर तो एकवीस वर्षांचा मुलगा भिंतीकडे तोंड करून निजला होता. कॉटखाली त्याचे धावण्याचे बूट व्यवस्थित जोडून ठेवलेले होते. मला पाहताच त्याच्या आईने घाईघाईने त्याच्या गळ्यापर्यंत चादर ओढली. पण तेवढ्यात मला जे दिसायचे ते दिसले होते. हिरवट देठांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून केलेली माळ त्याच्या गळ्यात होती. संकोचाचा उलगडा झाला. फादर रागावतील, ही ती धास्ती होती.

आजीला मात्र असला काही संकोच नव्हता. ‘माळ दिसामाजी वाढत जाती, फादर. बेंबीपातूर आली की कावीळ उतरली म्हणायचं,’ ती ठामपणे म्हणाली. तिच्या दोन्ही दंडांवर जुने, पांढुरके डाग होते. लहानपणी तिलाही कावीळ झाली होती आणि तापल्या सळईने डागून ती ‘उतरवली’ होती. त्या मानाने माळ ही केवढी सौम्य गोष्ट!

मी कॉटच्या कडेला बसलो. मुलाने तोंड वळवले. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीने माखल्यासारखा झाला होता. ‘फादर, किती दिवस?’ हा त्याचा पहिला प्रश्न. पोलीस भरतीची मैदानी चाचणी अठरा दिवसांवर आली होती. दोन वर्षे हा मुलगा पहाटे साडेचारला उठून उसाच्या फडांमधल्या रस्त्यावर पळत होता. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. त्या साऱ्या तयारीचा शेवट असा कॉटवर आला होता.

मी त्याला उत्तर देणार तोच स्वयंपाकघराच्या दारात त्याची थोरली बहीण उभी राहिली. ती बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना सरत आला होता. ‘घ्या फादर, पाणी,’ असे म्हणून तिने तांब्या पुढे केला. घरातले सारे जण ज्या माठातून पाणी पीत होते, त्यातलेच ते. त्या तांब्याकडे आणि तिच्याकडे पाहताना माझ्या पोटात धस्स झाले. त्याचे कारण मी पुढे सांगणारच आहे. त्याआधी माझ्या स्वतःच्या काविळीची कथा सांगणे प्राप्त आहे. कारण ती कथा नसती तर त्या दिवशी मी त्या माळेवरून त्या माउलीला चार कठोर शब्द सुनावून बसलो असतो.

साल १९९२. मी बाविशीतला, सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. परीक्षा तोंडावर आली होती. आधी चार दिवस ताप आला. मग अन्नाचा वास नकोसा झाला, लघवी गडद झाली आणि एके सकाळी आरशात माझेच डोळे मला परके दिसले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि वरिष्ठांनी मला घरी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील आमच्या गावी धाडले. आईने मला पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी मामाला सोबत घेऊन कावीळ उतरवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दारी नेले. ‘आई, हे खरं नसतं,’ असे मी म्हणालो खरा. पण ते म्हणणे फार जोरकस नव्हते. आजारी माणसाचे तत्त्वज्ञान अशक्त असते.

त्या म्हाताऱ्याने पितळेच्या परातीत चुन्याची निवळी घेतली. माझे हात त्यावर धरायला लावले आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत तो माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत आपले तळवे चोळीत राहिला. थोड्याच वेळात परातीतले नितळ पाणी पिवळे झाले. चांगले गडद पिवळे. ‘बघ, उतरतीये,’ आई म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. कबूल करायला मला आता लाज वाटत नाही, पण त्या क्षणी माझाही विश्वास बसला. ॲरिस्टॉटलची कारणमीमांसा घोकणारा मी, परातीतल्या पिवळ्या पाण्याकडे पाहून मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकता झालो. पुढच्या आठवड्यात मला भूक लागू लागली आणि आईच्या दृष्टीने सारे सिद्ध झाले.

पुष्कळ वर्षांनंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हाच प्रयोग एका शाळेत करून दाखविलेला मी पाहिला. आंब्याच्या सालीचा रस आधी तळहाताला चोळून ठेवायचा. चुन्याच्या निवळीशी त्याचा संयोग झाला की पाणी पिवळे होते. रोग्याला कावीळ असो वा नसो, पाण्याचा रंग तोच. माळेचेही तसेच आहे. ओल्या देठांचे तुकडे विशिष्ट गाठींत बांधलेले असतात. ते सुकून आकसले की दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. ती निरोगी माणसाच्या गळ्यात घातली किंवा खुंटीला टांगली, तरी लांबायची ती लांबतेच.

मग तो म्हातारा लबाड होता काय? कदाचित असेल, कदाचित त्यालाही ती विद्या कुणाकडून तरी श्रद्धेने मिळालेली असेल. माझ्या मते खरा घोटाळा त्या आजाराच्या स्वभावात आहे. ही कावीळ बहुतेक रोग्यांत आपली आपणच बरी होते. जो आजार आपल्या पायांनी निघून जातो, त्याला घालवल्याचे श्रेय दारात जो उभा असेल त्याला मिळते. मग तो माळवाला असो, वैद्य असो, सलाईन लावणारा डॉक्टर असो वा प्रार्थना करणारा धर्मगुरू असो.

हा आजार आहे तरी काय? आपल्या रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य निघते. यकृत ते उचलते, पित्तात मिसळते आणि आतड्यावाटे बाहेर टाकते. यकृताच्या पेशींना सूज आली की हा रोजचा व्यवहार तुंबतो. पिवळेपण रक्तात साठते, डोळ्यांत दिसते, लघवीत उतरते. म्हणजे कावीळ हे मुळात लक्षण आहे. आयुर्वेदाने तिला कामला म्हटले. परंतु यकृताला सूज आणणारा प्रत्यक्ष शत्रू कोण, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. तरुण मुलांना पावसाळ्याच्या तोंडी जी कावीळ होते, तिच्यामागे बहुधा दोनांपैकी एक विषाणू असतो: ए किंवा ई. दोघांचाही मार्ग एकच. रोग्याच्या विष्ठेतून तो पाण्यात जातो आणि पाण्यातून वा अन्नातून दुसऱ्याच्या पोटात शिरतो. बी आणि सी हे विषाणू रक्तावाटे व अन्य मार्गांनी जातात, शरीरात ठाण मांडू शकतात. त्यांची कथा निराळी.

ए विषाणू लहानग्यांना बहुधा हळूच स्पर्शून जातो; पाच-सहा वर्षांच्या आतील मुलांत तो अनेकदा कळतही नाही आणि जन्मभराचे संरक्षण देऊन जातो. जी मुले स्वच्छ पाण्यावर वाढतात, त्यांची ही गाठभेट लांबते आणि पुढे वसतिगृहात किंवा खाणावळीत ती पडते, तेव्हा आजार अंगावर निघतो. ए विरुद्ध लसही आहे. ई विषाणूचा रोख मात्र प्रामुख्याने पंधरा ते चाळीस या वयावर असतो.

या ई विषाणूच्या शोधाची कथा मला विलक्षण वाटते. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेच्या पुरानंतर सांडपाणी शहराच्या पाणीउपशाच्या जागेपर्यंत पोहोचले आणि सुमारे २९,००० लोकांचे डोळे पिवळे झाले. तेव्हा ती ए प्रकारचीच समजली गेली. जपून ठेवलेले रक्तद्रवाचे नमुने पुढे तपासले गेले, तेव्हा कळले की हा कुणी वेगळाच होता. १९७८ साली काश्मीरच्या खोऱ्यात अशीच साथ आली आणि डॉ. मोहम्मद खुरू यांनी तिच्यावरून या नव्या आजाराचे वर्णन केले. विषाणूचे प्रत्यक्ष दर्शन घडविले ते मिखाईल बालायान या रशियन शास्त्रज्ञाने. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याने रोग्यांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन केला होता. ए विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती त्याच्या शरीरात आधीच होती. म्हणजे आता जी कावीळ होईल ती दुसऱ्याच कुणाची, असा त्याचा हिशेब. त्याला कावीळ झाली आणि स्वतःच्याच विष्ठेत त्याने सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाणू पाहिला. १९९० साली या विषाणूचा जनुकीय साचा हाती लागला. म्हणजे माझी आई मला त्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेली, तेव्हा शास्त्रालाही या रोगाची नीट ओळख होऊन दोनच वर्षे झाली होती. तिला नावे ठेवण्याचा मला काय अधिकार?

या मुलखाला तर ही ओळख फार महागात पडलेली आहे. २०१२ सालच्या उन्हाळ्यात, वडगावपासून एसटीने तासाभराच्या वाटेवर असलेल्या इचलकरंजीत ई विषाणूची साथ पसरली. हजारो माणसे आजारी पडली, काही दगावली. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न त्या वेळी ऐरणीवर आला. मी तेव्हा दुसऱ्या धर्मग्रामात होतो. वर्तमानपत्रांतून त्या बातम्या वाचत होतो. त्या वाचनात एक गोष्ट माझ्या मनात कायमची रुतली होती. ई विषाणू तरुण, धडधाकट माणसाला महिनाभर झोपवून सोडून देतो. परंतु गर्भवतीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो गाठतो तेव्हा शंभरातल्या वीस-पंचवीस मातांचाही बळी जाऊ शकतो. असे का होते याचे पूर्ण उत्तर वैद्यकालाही अजून मिळालेले नाही. म्हणूनच त्या बहिणीच्या हातातील तांब्या पाहून माझ्या काळजाचा ठोका चुकला होता.

मी माळेविषयी एक शब्दही बोललो नाही. आजीला माझी स्वतःची कथा सांगितली: आई, मामा, परात, पिवळे पाणी, सारे काही. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग मी म्हणालो, ‘आजी, माळ राहू दे. पण त्या माणसानं पोटात घ्यायला काही दिलंय का?’ ती आत गेली आणि कागदाच्या पुडीत बांधलेला कसलासा पाला घेऊन आली. रोज सकाळी वाटून, उपाशीपोटी द्यायचा होता. ‘पोटात जे जातं ते सगळं यकृतालाच निस्तरावं लागतं, आजी. ते बिचारं आधीच सुजलंय. त्याच्यावर अनोळखी पाल्याचं ओझं कशाला?’ आजीने क्षणभर विचार केला आणि पुडी माझ्या हातात दिली. अशी आमची तडजोड झाली: माळ गळ्यात राहील, पाला पोटात जाणार नाही.

त्याच दुपारी मी भाऊ-बहीण दोघांनाही गावातील त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. दोघांचेही रक्त तपासणीसाठी कोल्हापूरला गेले. मुलाच्या रक्तात ई विषाणूची खूण सापडली. बहिणीचे रक्त निर्दोष निघाले. पण निर्दोष म्हणजे सुरक्षित नव्हे. हा विषाणू शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे लोटतात, सरासरी पाच-सहा. भावाने जे पाणी प्यायले तेच तिने त्याच सुमारास प्यायले असेल, तर तो आजार तिच्या शरीरात मुकाट दबा धरून बसलेला असू शकत होता. त्या दिवसापासून त्या एका घरात दोन प्रकारची वाट पाहणे सुरू झाले. एक जण आजार जाण्याची वाट पाहत होता आणि दुसरी तो येतो की काय, याची.

कुठल्या पाण्याने हे केले? याचे उत्तर आम्हाला शेवटपर्यंत मिळाले नाही. मुलगा सरावासाठी गावोगावच्या मैदानांवर जायचा. एप्रिल-मेच्या उन्हात टपरीवरचा बर्फ घातलेला उसाचा रस, गाड्यावरची पाणीपुरी, मित्राच्या खोलीवरचे पाणी. पाच-सहा आठवड्यांपूर्वीचा कुठला घोट दोषी ठरवायचा? एकट्या-दुकट्या रोग्याच्या बाबतीत अपराधी पाणी असे निसटून जाते. हजारोंचे डोळे एकदम पिवळे होतात तेव्हाच ते पकडले जाते आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

डॉक्टर अनुभवी होते. ‘याला औषध नाही असं मी सांगितलं, की पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, फादर,’ ते हसून म्हणाले. मग त्यांनी शांतपणे सर्व समजावून सांगितले. विषाणूला शरीर स्वतःच हुसकून लावते. आपले काम एवढेच की त्याच्या वाटेत आडवे यायचे नाही. मनाने गोळ्या घ्यायच्या नाहीत; साधी तापाची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नको. दारूचा थेंबही कित्येक महिने वर्ज्य. लोक बिलिरुबिनचा आकडा पाठ करतात. डॉक्टर मात्र रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेवर अधिक लक्ष ठेवतात, कारण यकृत खरोखर किती थकले आहे हे त्यावरून कळते. ‘आकडा वाढला म्हणून घाबरू नका,’ ते मुलाच्या आईला म्हणाले, ‘पण पोरगा असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, पोट फुगलं, तर क्षणभरही न थांबता मोठ्या दवाखान्यात न्या. तेव्हा ना माळ, ना मी.’

पथ्याचा प्रश्न निघाला. घरात हळद बंद झाली होती, तेल बंद झाले होते. मुलगा आठ दिवस मऊ भात आणि उसाच्या रसावर होता. कावीळ पिवळी, म्हणून पिवळे खायचे नाही, हा आपला भाबडा न्याय. डॉक्टरांनी वरण, भाजी, भाकरी, अंडे, दूध, जे रुचेल ते खाऊ द्या असे सांगितले. मळमळ दिवस चढेल तशी वाढते. म्हणून सकाळी भूक असते तेव्हा पोटभर आणि नंतर थोडे थोडे. तेवढ्यात मुलाचे वडील पावसात भिजत दवाखान्यात आले. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत रस होता आणि रसात बर्फाचे तुकडे तरंगत होते. रोज संध्याकाळी न चुकता ते हे आणत असत. उसात आजार नाही. पण तो बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कुणाला ठाऊक? मुलासाठी जिवाचे रान करणारा तो बाप कदाचित तोच विषाणू रोज घरी आणत होता आणि उरलेला रस गर्भार लेक पीत होती. त्यांना हे सांगताना माझी जीभ जड झाली. त्यांनी काहीही न बोलता पिशवी बाहेर नेऊन गटारात रिकामी केली.

त्या संध्याकाळी घरातला माठ रिकामा झाला आणि गॅसवर मोठे पातेले चढले. आई म्हणाली, ‘आमचं पाणी तर काचंवानी हाय, फादर. तुरटी फिरवतो, फडक्यानं गाळतो.’ तुरटीने गाळ खाली बसतो, फडक्याने कचरा अडतो. पण विषाणू इतका सूक्ष्म की त्याला फडके म्हणजे उघडे मैदान. त्याला मारते ती उकळी. चांगली खळखळ फुटून काही मिनिटे टिकलेली. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणे हे दुसरे शस्त्र. कारण डोळे पिवळे होण्याआधी काही दिवस आणि नंतरही काही आठवडे रोग्याच्या विष्ठेतून विषाणू जात असतो. मात्र जवळ बसल्याने, कपाळावर हात ठेवल्याने तो लागत नाही. हे ऐकल्यावर बहीण प्रथमच भावाच्या कॉटवर येऊन बसली. आठवडाभर ती त्याला दारातूनच पाहत होती.

त्या रात्री परतताना माझ्या मनात ती जुनी पितळी परात पुन्हा उभी राहिली. रोग बाहेर पडताना पाण्याला रंग येतो, असे आईने मानले. तसाच रोग आत येताना पाण्याला रंग आला असता तर किती बरे झाले असते! पण ते पाणी नितळ असते. थंडगार असते, चवीलाही गोड असते. दारी आलेल्या पाहुण्याला आपण तांब्यातून देतो, अगदी तसे.

दर गुरुवारी मी वडगावला जात राहिलो. आजार उतरण्याचा एक क्रम असतो. आधी भूक परतते. मग लघवी निवळते. डोळे शेवटी पांढरे होतात. आणि शक्ती? ती या सर्वांच्या फार मागून, एखाद्या रुसलेल्या पाहुण्यासारखी येते. मैदानी चाचणीच्या दिवशी मुलगा कॉटवरच होता. मित्रांचे फोन येत होते. कुणाची किती सेकंदांची वेळ लागली, कुणाचा गोळा किती लांब गेला. त्याने फोन उशीखाली सरकवला आणि चादर डोक्यावर घेतली. मी त्याला सांगितले की माझीही परीक्षा हुकली होती, माझे वर्ष गेले होते आणि माझ्या बरोबरीचे सारे पुढे निघून गेले होते. या सांगण्याने त्याचे समाधान झाले असेल असे मला वाटत नाही. दुसऱ्याचे बुडालेले वर्ष तीस वर्षांनंतर लहान दिसते. स्वतःचे, आजचे, तसे दिसत नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डोळे निवळले. त्यानंतर चार दिवसांनी घरातल्यांना न सांगता तो पहाटे बूट घालून बाहेर पडला. दोनशे पावले धावला असेल नसेल. छाती भरून आली, पायांत गोळे आले आणि तो उसाच्या बांधावर बसून राहिला. वडील शोधत गेले तेव्हा तो रडत होता. त्या गुरुवारी मी गेलो तेव्हा घरभर एकच सूर होता: ‘याने पळून सगळं बिघडवून घेतलं.’

हा सूर माझ्या परिचयाचा होता. १९९२ साली डोळे पांढरे होताच मीही सेमिनरीच्या मैदानावर फुटबॉल खेळायला उतरलो होतो. त्यानंतर तीन महिने जिना चढताना मला धाप लागे. ‘तूच ओढवून घेतलंस,’ असे सगळे म्हणाले आणि मी ते मान्य केले. ती अपराधाची भावना मी तीस वर्षे उराशी बाळगली होती. मी ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली तेव्हा त्यांनी मान हलवली. कोरियन युद्धातील काविळीने आजारी अमेरिकी सैनिकांवर थॉमस चामर्स या डॉक्टरने एक पद्धतशीर प्रयोग केला होता; १९५५ साली तो प्रसिद्ध झाला. काहींना सक्तीने अंथरुणात ठेवले, काहींना झेपेल तसे हिंडू-फिरू दिले. दोन्ही गटांच्या बरे होण्यात फरक पडला नाही. ‘मरेस्तोवर पळू नये, हे खरं,’ डॉक्टर म्हणाले, ‘पण फुटबॉलनं तुमचं यकृत बिघडवलं नव्हतं, फादर. तो थकवा त्या आजाराचाच शेवटचा भाग होता. खेळला नसता तरी तो आलाच असता.’

मी दवाखान्याच्या पायरीवर काही वेळ उभा राहिलो. कबुलीजबाब ऐकणे हे माझे नित्याचे काम. माणसे न केलेल्या अपराधांचे ओझे किती निष्ठेने वाहतात हे मी रोज पाहतो. तेच ओझे माझ्याही पाठीवर होते, हे मला वयाच्या पन्नाशीनंतर एका गावातल्या डॉक्टरने सांगितले. मी तसाच त्या घरी गेलो आणि मुलाला म्हणालो, ‘तू काहीही बिघडवलं नाहीस. शरीर आज नाही म्हणालं. उद्या पुन्हा विचार. आज अंगणापर्यंत, उद्या कोपऱ्यापर्यंत. ते हो म्हणेल तेवढंच. आणि रक्ताचा अहवाल चांगला आल्याशिवाय धावायचं नाही.’ त्या दिवशी तो प्रथमच हसला.

जुलै सरता सरता एका पहाटे पुन्हा फोन वाजला. या वेळी त्या माउलीच्या आवाजात संकोच नव्हता. कोल्हापूरच्या दवाखान्यात लेक सुखरूप बाळंत झाली होती. मुलगी झाली होती. दोघींचे डोळे आधी पाहिले, असे ती म्हणाली. स्वच्छ, पांढरेशुभ्र.

ऑगस्टमध्ये बारशाला मी वडगावला गेलो. कॉटवर आता पाळण्यातली दुपटी वाळत घातली होती आणि मुलगा दारात पाहुण्यांच्या चपला सारखत होता. रोज अर्धा तास चालतो म्हणाला; पुढच्या भरतीला वेळ आहे. भिंतीवरच्या खुंटीला ती माळ टांगलेली होती. देठ सुकून काळे पडले होते आणि दोरा चांगला हातभर लोंबत होता. आजीने विजयी मुद्रेने तिच्याकडे बोट दाखवले. ‘बगा फादर, आली का न्हाई खाली?’ मी हसलो. वाद घातला नाही. तेवढ्यात एका पाहुण्याच्या पोराने माठात पेला बुडवायला हात घातला. आजी ताडकन उठली. ‘आरं, थांब! त्यातलं न्हवं. ह्या पातेल्यातलं घे, उकळलेलं हाय,’ असे म्हणत तिने त्याचा हात धरून आधी मोरीवर नेला आणि साबणाची वडी त्याच्या हातात दिली.